काय खाल्लं होतं, एवढंच विचारून गॅस्ट्रो थांबत नाही

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन जोराचे पाऊस झाले की नागपुरात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. दवाखान्यांत उलट्या-जुलाबाचे पेशंट वाढतात आणि शहरात ठेल्यांवरून वाद पेटतो. एका बाजूचे लोक म्हणतात, पाणीपुरीवाले, चायनीजवाले, सरबतवाले यांच्यामुळेच ही साथ येते, महापालिकेनं सरसकट ठेले उचलावेत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये आधी डोकावून बघा. आवाज चढतात, एखाद-दुसऱ्या चौकात कारवाई होते, फोटो छापून येतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळं थंड. या भांडणात मला कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही, कारण आजारी माणसाला ‘काय खाल्लं होतं?’ असं विचारलं की साथीचा उलगडा होतो, हे दोघांनीही धरून चाललेलं आहे. माझं म्हणणं असं की पोटाच्या विषाणूजन्य आजारांत कुणाच्या जिभेपेक्षा नळाची लाइन, बाळाची लस, ओआरएसची पुडी आणि लॅबमधली तपासणी यांचा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. हा हिशेब महापालिकेकडे आणि सरकारकडे मागायचा असतो. तो आपण ठेलेवाल्याकडे मागतो.

हे विषाणू वागतात कसे, ते आधी बघायला हवं, कारण वादातली निम्मी गफलत तिथेच आहे. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यापासून उलट्या सुरू व्हायला साधारण 12 ते 48 तास लागतात. रोटाव्हायरसला दोनेक दिवस. म्हणजे मंगळवारी सकाळी ज्याला ओकाऱ्या सुरू झाल्या त्याला लागण रविवारी झालेली असू शकते. पण माणसाला आठवतं ते शेवटचं खाल्लेलं. सोमवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर खाल्लेली पाणीपुरी आठवते, रविवारी लग्नात प्यालेलं पाणी आठवत नाही, आणि घरातल्या आजारी पोराचे कपडे आपण धुतले होते हे तर कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय नोरोव्हायरसचे दहा ते शंभर कण पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, आणि आजारी माणसाच्या उलटी-जुलाबातून असे कण कोट्यवधींनी बाहेर पडतात. ते नळाच्या तोटीवर, दाराच्या कडीवर, ऑटोच्या दांडीवर दिवसेंदिवस तग धरतात. माणूस बरा होऊन कामावर गेला तरी पुढचे दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ, त्याच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

हा आजार एकट्या नागपूरचा नाही आणि एकट्या गरीब देशांचाही नाही. नोरोव्हायरसचं नाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावावरून पडलं. 1968 मध्ये तिथल्या एका शाळेत उलट्यांची साथ आली आणि 1972 मध्ये तिच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हा विषाणू दिसला. आज जगात दरवर्षी सुमारे 68 कोटी लोकांना त्याची लागण होते असा अंदाज आहे. त्यातली 20 कोटी पाच वर्षांखालची मुलं. मृत्यू सुमारे दोन लाख. आलिशान प्रवासी जहाजांवर आणि युरोप-अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत तो नेमानं साथी घडवतो, आणि तिथे कुणी रस्त्यावर पाणीपुरी विकत नाही. रोटाव्हायरसचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 1973 मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. लस येण्याआधी अमेरिकेतही जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांचं होईपर्यंत त्याची लागण एकदा तरी होऊन जायची. चकचकीत स्वयंपाकघरं, चोवीस तास नळ, सगळं असून. फरक पडायचा तो पुढे. अमेरिकेत त्यानं वर्षाला 20 ते 60 मुलं दगावायची. भारतात 2013 च्या अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे 47 हजार. विषाणू तोच, लागणही तितकीच सार्वत्रिक. मग ही 47 हजार मुलं कुणाच्या खाण्याच्या सवयीनं गेली, असं म्हणायचं आपण?

ठेल्यांवर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. पाणीपुरीचं पाणी उकळलेलं नसतं, त्यात हात बुडतो, आणि तो हात नुकत्या बऱ्या झालेल्या माणसाचा असेल तर एका संध्याकाळी पन्नास-साठ घरांत आजार पोचू शकतो. बर्फ कुठला, कोथिंबीर-पुदिना कुठल्या पाण्यात धुतला, हे विचारणं रास्त आहे. पण मग विचार अर्ध्यावर का सोडायचा? ठेल्यावरच्या दोन कॅन सकाळी ज्या नळावर भरल्या जातात त्याच लाइनचं पाणी मागच्या गल्लीतल्या घरांतही जातं. दुपारी चार ते रात्री अकरा उभा असलेला माणूस लघवीला, शौचाला कुठे जातो? हात कुठे धुतो? पथविक्रेत्यांचा कायदा 2014 पासून आहे. त्यांच्यासाठी जागा ठरवून देणं हे त्यात अपेक्षितच आहे. ठरवून दिलेल्या जागेवर एक नळ, एक नाली आणि जवळ एक संडास दिला असता तर या तक्रारीतला बराच भाग आपोआप संपला असता. ठेला उचलला की तो दोन गल्ल्या पलीकडे लागतो, आणि तिथे नळ आणखी लांब असतो. दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट सांगायला हवी. ‘गरीब आहे, सोडून द्या’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण त्या ठेल्यावर खाणारा हमाल, कळमन्याच्या बाजारातला मजूर, कोचिंग क्लासचा खेड्यातून आलेला पोरगा, हेही गरीबच असतात. विकणाऱ्याची कणव करताना खाणाऱ्याला विसरून कसं चालेल?

साथ आली की बोट दाखवायला कुणीतरी सापडावं लागतं, ही खोड जुनी आहे. 1892 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात कॉलऱ्यानं आठ हजारांवर माणसं मेली. बंदरावरच्या छावण्यांमध्ये अमेरिकेला जायच्या वाटेवर असलेले रशियातले गरीब ज्यू थांबले होते. बोट त्यांच्याकडे गेलं. पण हॅम्बर्गला लागूनच अल्टोना हे दुसरं शहर होतं. दोघंही एल्ब नदीचंच पाणी प्यायचे. अल्टोना तर हॅम्बर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गचा मैला वाहून आलेलं पाणी त्यांच्या वाट्याला. फरक इतकाच की अल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून गाळून द्यायचं आणि हॅम्बर्ग तसंच द्यायचं. दोन शहरांची हद्द ज्या रस्त्यावरून जायची तिथे एका बाजूच्या घरांत कॉलरा होता, समोरच्या बाजूला जवळपास नव्हता. दोन्हीकडचे लोक एकाच बाजारात खायचे, एकाच हवेत श्वास घ्यायचे. हॅम्बर्गच्या कारभाऱ्यांनी गाळणीचा खर्च वर्षानुवर्षं लांबणीवर टाकला होता, आणि साथ आल्यावर लोकांना दिसले ते परके.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या आणि काळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी इतवारी-महालच्या गल्ल्यांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून घुमते आहे. त्या मिरवणुकीत मला शहराचं शहाणपण दिसतं, कारण तिथे रोगराई बाहेर न्यायला पुतळा असतो, जिवंत माणूस नसतो. मारबतीसोबत निघणारे बडगे, तेही पुतळेच, तर सरळ कारभाऱ्यांवर टीका करतात. एरवीच्या दिवशी मात्र आपण ठेलेवाल्याचाच बडग्या करतो.

पाण्याकडे वळतो, कारण विषाणूंच्या बाबतीत पाणी तपासण्याची आपली रीतच अपुरी आहे. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची साथ आली. यमुनेच्या पुरानंतर नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपशाच्या ठिकाणी शिरलं होतं. हे लक्षात आल्यावर अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं आणि त्याचा उपयोगही झाला. टायफॉइड, हगवण यांची साथ आली नाही. पण सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू वाचला. पुढे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून तो हिपॅटायटिस ई असल्याचं कळलं. हा विषाणूही विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. 2012 मध्ये इचलकरंजीनं याच दुखण्याचा अनुभव घेतला. आपल्याकडे पाणी ‘पास’ झालं म्हणजे त्यात ई-कोलाय जिवाणू सापडले नाहीत, एवढाच अर्थ बहुतेक वेळा असतो. ई-कोलाय नाहीत म्हणजे विषाणूही नाहीत, असं दिल्लीच्या अनुभवानंतर कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

आणि आपलं मानक हे जाणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असावं असं म्हटलंय, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान 0.5 मिलिग्रॅम. हा आकडा तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पिशवीत ओटी टेस्टची छोटी पेटी असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जास्त असेल तर गडद पिवळं. पट्टीवरच्या रंगाशी ताडून आकडा वाचायचा. क्लोरीन नसेल तर पाणी होतं तसंच राहतं. मिनिटाभराचं काम. पण ही टेस्ट टाकीजवळच्या नळावर केली आणि लाइनच्या शेवटच्या घरात केली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्लोरीन वाटेत खर्ची पडतं. जिथे घाण शिरते तिथे तर पटकन. साथ पकडायची असेल तर शेवटच्या घराचा आकडा हवा.

नवेगाव खैरीच्या जलाशयातून आणि कन्हान नदीतून आलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघतं तेव्हा ते चांगलं असतं, यावर माझा वाद नाही. चोवीस तास पाण्याचा करार करण्यात नागपूर देशातल्या मोठ्या शहरांत पुढे होतं, याचाही अभिमान आहे. घोळ होतो तो शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये. जुन्या वस्तीत कुठेही चालत जा आणि खाली बघा. मोठ्या लाइनपासून घरापर्यंत येणारा जीआय पाइप उघड्या नालीतून गेलेला असतो, नालीच्या पाण्यात बुडालेला; जोडावर गंज चढलेला, कुठे रबराची पट्टी गुंडाळलेली. नळाला दाब असतो तोवर पाणी बाहेर झिरपतं, काही बिघडत नाही. नळ गेला की दाब उतरतो आणि त्याच भोकातून नाली आत येते. त्यात कुणी टिल्लू पंप लावला असेल तर तो लाइनमधलं पाणी ओढतोच, सोबत नालीही ओढतो. म्हणून दिवसातून तास-दोन तास येणारं पाणी, मग ते कितीही शुद्ध निघालेलं असो, घरात शुद्ध पोचेल याची हमी नसते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या सखल भागात पाणी शिरलं तेव्हा नळ, नाली, गडर (मैल्याची लाइन) यांच्यातलं अंतरच राहिलं नव्हतं. पण पुराची वाट कशाला बघायची? एक चोक झालेलं गडरचं चेंबर आणि एक फुटलेला जोड एवढं पुरतं. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, आज जिला आपण नीरी म्हणतो, ती 1958 मध्ये याच शहरात उभी राहिली. ज्ञानाची उणीव आहे असं म्हणायला नागपूरला जागा नाही.

यावर सुखवस्तू नागपूरकराचं उत्तर ठरलेलं आहे: आमच्याकडे आरओ आहे. बरोबर, चांगल्या स्थितीतला आरओ विषाणू अडवतो. पण आपण चोवीस तास आरओच्या तोटीखाली राहतो का? पोरगं शाळेत कुठलं पाणी पितं, ऑफिसात येणारा वीस लिटरचा जार कुठे भरला जातो, घरात भांडी घासणाऱ्या ताईंच्या घरी कुठला नळ आहे? त्यांचा मुलगा आजारी पडला तर विषाणू तुमच्या ओट्यापर्यंत यायला एक हात पुरतो. आरओमुळे होणारं खरं नुकसान वेगळंच आहे. ज्यांचा आवाज नगरसेवकापर्यंत पोचतो, ज्यांची पत्रं छापून येतात, त्यांनी नळाकडे पाठ फिरवली. आता नळाबद्दल ओरडायला उरलेत ते ज्यांचं कुणी ऐकत नाही.

मग हात धुवा, नखं कापा, उघड्यावरचं खाऊ नका, असं लोकांना सांगायचंच नाही का? सांगायलाच हवं. हात धुण्याच्या सवयीनं जुलाबाचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. तीस टक्के ही मोठी गोष्ट आहे. परंतु उरलेले सत्तर? आणि ज्या घरात पाण्याचे दोन गुंड सकाळी भरून ठेवायचे नि रात्रीपर्यंत पुरवायचे, तिथे दर वेळी वाहत्या पाण्यात हात धुणं ही सवयीची बाब आहे की नळाची? स्वच्छतेचा विषय निघाला की आपल्या विदर्भात गाडगेबाबांचं नाव निघतं, आणि त्यांच्या नावानं लोकांना उपदेश केला जातो. बाबांची रीत आठवून बघा. ते गावात आले की आधी खराटा घेऊन गावाचे रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. घराघरात जाऊन कुणाची चूल तपासली नाही त्यांनी. गावाची घाण ही गावाची जबाबदारी, हे त्यांनी हातानं दाखवलं, आणि त्यांचा वारसा सांगणारे आपण मात्र स्वच्छतेची सगळी जबाबदारी प्रत्येकाच्या बेसिनपाशी नेऊन ठेवली.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. काही डॉक्टरही तो घेतात. विषाणूचा गॅस्ट्रो दोन-तीन दिवसांत आपोआप बरा होतो, त्याला औषध नाही, मग एवढा गाजावाजा कशाला? धडधाकट माणसासाठी हे खरं आहे. पण सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या अंगातलं पाणी एका दिवसात धोक्याइतकं उतरू शकतं, आणि जे बाळ आधीच अशक्त आहे ते दर दोन महिन्यांनी जुलाबानं आणखी खंगतं. जगात पाच वर्षांखालची सुमारे 4 लाख 43 हजार मुलं दरवर्षी जुलाबानं दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातला मोठा भाग ज्यानं वाचू शकतो ते औषध काही रुपयांचं आहे आणि आपल्याच मुलखात सिद्ध झालेलं आहे. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत आले, कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. महालनबीस 2022 मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना त्यानंतर जाहीर झालं.

आणि आज? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालं 60.6 टक्क्यांना, झिंक मिळालं 30.5 टक्क्यांना. 1971 नंतर पन्नास वर्षांनी दहातल्या चार मुलांपर्यंत पुडी पोचत नाही. का पोचत नाही, याचं एक उत्तर बिहार आणि कर्नाटकात झालेल्या आणि 2024 मध्ये छापलेल्या अभ्यासात आहे. तिथे अभ्यासकांनी खासगी डॉक्टरांकडे पालक म्हणून माणसं पाठवली. डॉक्टरांना ओआरएसचं महत्त्व माहीत होतं. पेशंटला ते नकोच असतं, या समजुतीनं ते लिहून देत नव्हते. ज्यांनी आपणहून मागितलं त्यांना कितीतरी जास्त वेळा मिळालं. आपल्याकडच्या क्लिनिकात बसून बघा, हेच दिसेल. ‘डॉक्टर, एक सलाईन लावून द्या’ असं पेशंट म्हणतो, डॉक्टर लावतो, सोबत अँटिबायोटिक लिहितो, जे विषाणूवर काहीच करत नाही. ओआरएसचं नाव घेतलं की चेहरा पडतो: एवढंच? घरी आजी म्हणते, दात येतायत, होतातच जुलाब. दात येण्यानं बाळाला पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. पण या एका वाक्यात पहिला दिवस निघून जातो. त्यात बाजारानं भर घातली. ओआरएस नावाखाली साखरेची गोड पेयं मेडिकलच्या काउंटरवर वर्षानुवर्षं विकली गेली, जी जुलाब वाढवू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर त्याविरुद्ध अनेक वर्षं झगडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस लिहायला मनाई केली. पाणीपुरीच्या ठेल्यावर धाड टाकणाऱ्या शहराला आपल्या मेडिकलमधली ही बाटली इतकी वर्षं दिसली नाही.

लसीबद्दलही अर्धवट बोललं जातं. रोटाव्हॅक ही लस दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या 116 ई या विषाणूपासून तयार झाली; डॉ. महाराज किशन भान यांनी तिच्यामागे तीन दशकं घालवली. 2016 मध्ये चार राज्यांपासून सरकारी लसीकरणात आली आणि 2019 पर्यंत देशभर पोचली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे थेंब, फुकट. विरोधक म्हणतात, चाचण्यांत ही लस गंभीर आजाराविरुद्ध पन्नास-पंचावन्न टक्केच चालली. खरं आहे, गरीब देशांत तोंडावाटे दिलेल्या या लसी श्रीमंत देशांपेक्षा कमी चालतात. पण ओझं जिथे सगळ्यात जास्त तिथे निम्मं उतरणं म्हणजे किती हजार बाळं, हे मांडून बघा. 1999 मध्ये अमेरिकेत एक जुनी लस आतड्यात आतडं अडकण्याच्या धोक्यामुळे मागे घेतली गेली होती, हाही मुद्दा कुणी काढतं. भारतात लस आल्यावर नेमकी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आणि धोका वाढल्याचं आढळलं नाही. नोरोव्हायरसवर मात्र अजून लस बाजारात नाही. म्हणजे तिथे पाइप, साबण आणि माहिती यांवरच भिस्त.

ही माहितीच आपण गोळा करत नाही. साथ आली की नोंद होते ‘गॅस्ट्रो’ किंवा ‘तीव्र अतिसार’. विषाणू कुठला, जिवाणू कुठला, हे बहुतेक वेळा कुणी बघत नाही, कारण शौचाचा नमुना विषाणूसाठी पाठवलाच जात नाही. 2005 पासून आयसीएमआरनं काही रुग्णालयांत लहान मुलांचे नमुने शिस्तीनं तपासले, तेव्हा कळलं की जुलाबानं दाखल होणाऱ्या दर पाच मुलांत जवळपास दोघांना रोटाव्हायरस असतो. त्या पुराव्याच्या जोरावर लस आली. आणखी एक गोष्ट कळली, की देशाच्या बऱ्याच भागांत रोटाव्हायरसचा जोर थंडीच्या महिन्यांत असतो. आपण ठेले उचलतो ते जुलैत. तपासणी नसेल तर काय होतं, ते पुण्यानं जानेवारी 2025 मध्ये पाहिलं. सिंहगड रोडच्या भागात गुइलेन-बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि लोकांनी चिकन टाकून दिलं. पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. नमुने तपासल्यावर काहींत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू, काहींत नोरोव्हायरस निघाला आणि लक्ष पुण्याजवळच्या नांदेड गावच्या विहिरीकडे, पाण्याकडे गेलं. चिकनला मात्र शिक्षा होऊन गेली होती. नागपुरात मेडिकल कॉलेज आहे, मेयो रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. प्रत्येक साथीतले वीस-पंचवीस नमुने विषाणूसाठी तपासून निकाल जाहीर करणं या शहराला जड नाही.

शेवटचा प्रश्न पैशांचा, आणि तो खराच अवघड आहे. नालीतले सगळे पाइप बदलायचे, गडर लाइन वेगळी करायची, तर कोट्यवधी लागतील आणि वर्षं जातील. पण काही गोष्टी पुढच्या महिन्यात होऊ शकतात. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाचा ओटी टेस्टचा आकडा दर आठवड्याला महापालिकेनं जाहीर करावा, आणि जिथे तो 0.5 च्या खाली गेला तिथला जोड आधी खणावा. म्हणजे पैसा कुठे आधी घालायचा तेही आपोआप ठरेल. अंगणवाडीत ओआरएस आणि झिंक कायम भरलेलं असावं. आणि ज्याला जुलाब झालेत त्यानं बरं झाल्यावरही किमान दोन दिवस अन्नाला हात लावू नये, ही जगमान्य सूचना नागपुरात पाळली जाईल अशी सोय करावी. अन्न सुरक्षेच्या 2011 च्या नियमांत आजारी माणसानं अन्न हाताळू नये असं लिहिलेलं आहेच. पण कॅटरिंगमध्ये रोजीवर पुऱ्या लाटणारी बाई दोन दिवस घरी बसली तर तिची मजुरी कोण देणार? मालक देत नाही, म्हणून ती पोट धरून कामावर येते आणि पाचशे पानांचं जेवण तिच्या हातून जातं. त्या दोन दिवसांची मजुरी कॅटरिंगच्या लायसन्सच्या अटीत घालायला नवा पाइप लागत नाही, नवी लसही लागत नाही. लायसन्स देणाऱ्या कार्यालयाची एक सही लागते.